पंधरा वर्षं एकाच कंपनीत: निष्ठा की नाइलाज?

इन्फोसिसमध्ये नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण जून २०२२ अखेर २८.४ टक्के होतं. मार्च २०२४ अखेर ते १२.६ टक्क्यांवर आलं. टीसीएसमध्येही त्याच सुमारास ते २१ टक्क्यांच्या वरून साडेबारावर उतरलं. या काळात मुख्यतः बाजार बदलला होता. करोनानंतरची भरतीची लाट ओसरली, बाहेरून येणारे फोन कमी झाले आणि माणसं होती तिथेच राहिली. तरीही असा आकडा खाली आला की ‘आपली माणसं निष्ठावान आहेत’ असं अनेक व्यवस्थापक समजून चालतात. हा समज कर्मचाऱ्याला महागात पडतो, कारण जो कुठे जाणार नाही असं वाटतं, त्याचीच पगारवाढ पहिली मागे पडते.

माणूस एका जागी का राहतो, याची तीन कारणं जॉन मेयर आणि नॅटली अ‍ॅलन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये वेगळी करून मांडली: राहावंसं वाटतं, सोडणं परवडत नाही, किंवा राहणं आपलं कर्तव्य वाटतं. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. हजेरी तीच, सेवेची वर्षंही तीच.

नाइलाजाचे धागे बहुतेक कागदावर सापडतात. ग्रॅच्युइटीचंच बघा. १९७२ च्या कायद्यापासून चालत आलेला नियम असा, की कायम कर्मचाऱ्याला साधारणपणे सलग पाच वर्षं झाल्यावरच ती मिळते, दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ४०,००० रुपये असतील, तर पाच वर्षांचे सुमारे १ लाख १५ हजार होतात. चौथ्या वर्षी राजीनामा दिला तर हाती काहीच येत नाही. मग ‘एवढं वर्ष काढू’ असं माणूस ठरवतो. पीएफचं तसं नाही, तो यूएएन या कायमच्या खातेक्रमांकामुळे नव्या नोकरीत सोबत येतो. काही ठिकाणी बाँड असतो. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. त्याशिवाय आयटीतला नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड, घराचा हप्ता, मुलांची शाळा. ग्रॅच्युइटी हा कामगारांचा हक्क आहे आणि तो असायलाच हवा. पण तिच्यासाठी थांबलेल्या माणसाला निष्ठावान म्हणणं चूक आहे.

खरा घोळ तिसऱ्या कारणापाशी होतो. खाल्ल्या मिठाला जागावं, हा संस्कार आपल्याकडे खोल आहे. ‘पहिली नोकरी यांनीच दिली’, ‘वडिलांच्या आजारपणात साहेबांनी रजा अडवली नाही’, असं लोक वर्षानुवर्षं सांगतात आणि मनापासून सांगतात. ही भावना मला मोलाची वाटते. म्हणूनच तिच्या जोरावर फुकटचा ओव्हरटाइम काढून घेणारे मालक पाहिले की संताप येतो. उपकाराची जाणीव एकतर्फी ताणली की तिचं ओझं होतं, आणि ओझ्याखाली राहिलेला माणूसही नाइलाजानेच राहिलेला असतो.

रोजच्या कामात फरक ओळखायचा तर कोण वाद घालतं ते पाहावं. आपल्या ऑफिसांमध्ये साहेबांपुढे मान डोलावणारा निष्ठावान ठरतो आणि ‘हे चुकतंय’ म्हणणाऱ्याचं लक्ष बाहेर आहे असं धरलं जातं. अनेकदा उलटं असतं. ज्याला कंपनीचं काही वाटेनासं झालंय, तो मीटिंगमध्ये गप्प बसतो, कारण बोलण्याचा त्रास त्याला आता घ्यायचा नसतो. चूक दिसली की जिवाला लागते ती ज्याला काम आपलं वाटतं त्याच्या. तीन वर्षांनी सोडून जाणाराही निष्ठावान असू शकतो: हँडओव्हर नीट देतो, नंतरही कुणाचं अडलं तर फोन उचलतो, चांगली माणसं जुन्या कंपनीकडे पाठवतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या ताजमध्ये कर्मचाऱ्यांनी स्वतःआधी पाहुण्यांना बाहेर काढलं. एका मेजवानीची जबाबदारी २४ वर्षांच्या मॅनेजर मुलीवर होती. तिने दारं लावून घेतली, दिवे बंद केले आणि रात्रभर पाहुण्यांना धीर दिला. तिथले काही कर्मचारी त्या हल्ल्यात मारले गेले. असं वागण्याची सक्ती कुठल्याही करारात नसते. हार्वर्डच्या अभ्यासकांनी नंतर याची कारणं शोधली तेव्हा साध्या गोष्टी पुढे आल्या: भरती मुंबईपेक्षा पुण्यासारख्या शहरांतून, गुणांपेक्षा स्वभाव पाहून, इतरत्र वर्षभराचं प्रशिक्षण इथे दीड वर्षाचं, आणि चांगल्या कामाची दखल वरिष्ठांकडून लगेच. टाटांच्याच जमशेदपूरच्या कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये आला आणि पीएफ १९२० मध्ये, कायद्याने भाग पाडण्याच्या कितीतरी आधी.

पगाराला महत्त्व नाही असा अर्थ यातून कुणी काढू नये. पगार बाजारापेक्षा फार मागे असेल तर चांगली वागणूकही माणसाला फार काळ धरून ठेवत नाही.

आपण स्वतः यांपैकी कुठे आहोत हे पाहायचं असेल तर समजा: ग्रॅच्युइटी पदरात पडली आहे, बाँड संपला आहे, आणि तेवढ्याच पगाराची, घरापासून तेवढ्याच अंतरावरची दुसरी नोकरी उद्या समोर आली आहे. ती नाकारण्यासाठी तुमच्याकडे एखाद्या माणसाचं किंवा एखाद्या कामाचं नाव आहे का?