मोठ्या कुत्र्यासाठी जुनी फोर बाय फोर घेताय? आधी मागचं दार मोजा

"घरी जर्मन शेफर्ड आहे, दर शनिवारी मुळशीच्या शेतावर जातो, पावसाळ्यात शेवटचा रस्ता चिखलाचा असतो. कुठली गाडी घेऊ?" आम्ही जुन्या गाड्या विकतो, आणि असे फोन आम्हाला सतत येतात. बहुतेकांनी गाडीचं नाव आधीच ठरवलेलं असतं, आमच्याकडून फक्त होकार हवा असतो. आम्ही लगेच होकार देत नाही. आधी कुत्र्याची मापं मागतो आणि गाडी बघायला येताना त्याला सोबत आणायला सांगतो. काहींना हा उगाच केलेला खटाटोप वाटतो, म्हणून त्यामागचं कारण इथे लिहितो आहोत.

सगळ्यात महागात पडणारी चूक

लोक डिकीचे लिटर बघून गाडी पसंत करतात. लिटरचा आकडा बॅगांसाठी असतो. कोपरे, खाचा, चाकांच्या कमानीमागची जागा असं सगळं त्यात धरलेलं असतं, आणि त्यातल्या बऱ्याच जागेत कुत्रा बसूच शकत नाही. त्याला लागतो सपाट तळ, डोक्यावर मोकळी उंची आणि आत शिरता येईल असं दार. जुन्या रेनॉ डस्टरच्या साध्या मॉडेलची डिकी ४७५ लिटर, तर ऑल व्हील ड्राइव्हची ४१० लिटर. मागच्या चाकांना ताकद देणारी यंत्रणा खाली बसवल्यामुळे तिथला तळ वर आला आहे. जिमनीचा २०८ लिटरचा आकडा वाचून लोक ती यादीतून काढून टाकतात, पण मागची सीट पाडली की दोन माणसं आणि एक लॅब्रॅडॉर इतक्यांसाठी ती चांगली गाडी आहे.

म्हणून घरून निघण्याआधी टेप घ्या आणि कुत्रा उभा असताना तीन मापं लिहून आणा: जमिनीपासून खांद्यापर्यंतची उंची, जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची आणि नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी. गाडीत मोजायचं ते असं. मागच्या दाराची उंची खांद्याच्या उंचीपेक्षा निदान १० सें.मी. जास्त हवी. शिरताना कुत्रा मान खाली घालतो, पाठ खाली घेत नाही. तळाची लांबी नाक ते शेपटीच्या मापापेक्षा थोडी जास्त हवी, म्हणजे तो वळू शकतो आणि कुशीवर झोपू शकतो. रुंदी मोजताना टेप चाकांच्या दोन कमानींच्या मधे धरा, वर काचांपाशी नको. ग्रेट डेनचा नर खांद्यालाच ७६ सें.मी. किंवा त्याहून उंच असतो. तो कुठल्याही गाडीत मान ताठ करून उभा राहील ही अपेक्षा सोडा आणि दुसरी रांग पाडून लांब सपाट जागा मिळेल अशी गाडी बघा.

तिसरी रांग

सात सीटच्या गाडीत डिकी मोठी, हा समज अर्धाच खरा आहे. फॉर्च्युनरची तिसरी रांग दुमडली की दोन्ही बाजूंना लटकते आणि कुत्र्याच्या अंगाशी लागणारी रुंदी खाते. २०१६ नंतरच्या एन्डेव्हरची तिसरी रांग तळात सपाट जाते, त्यामुळे मोठ्या कुत्र्यासाठी ती जागा जास्त उपयोगी ठरते. मात्र फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, हे लक्षात ठेवून सुट्या भागांची चौकशी आधी करा. बोलेरो, जुनी सफारी आणि स्कॉर्पिओची काही मॉडेल्स यांत समोरासमोरच्या आडव्या सीट असतात. त्या वर उचलता येतात, पण खालच्या लोखंडी पट्ट्या उघड्या राहतात. पायाच्या आतल्या बाजूचं वरचं नख नेमकं तिथे अडकतं आणि मुळातून फाटतं. या कडांवर आम्ही रबरी पट्टी चढवून देतो. सीट कायमची काढून द्या अशी मागणी झाली तर आम्ही नाही म्हणतो. आरसी बुकावर आसनक्षमता लिहिलेली असते आणि गाडी त्या नोंदीशी जुळायला हवी.

उंची वाढवलेल्या गाड्या

जुन्या थार आणि जिप्सी बाजारात बऱ्याचदा लिफ्ट किट आणि मोठे टायर लावलेल्याच येतात. फोटोत उठून दिसतात. पण २ इंचांच्या किटने तळ ५ सें.मी. वर जातो आणि टायरचा व्यास जितका वाढला त्याच्या निम्मी उंची आणखी वाढते. अशा गाड्यांत मागचा तळ कंपनीच्या मूळ उंचीवरही साधारण ७० ते ८५ सें.मी. असतो. तरुण कुत्रा उडी मारून चढतो खरा, पण दणका बसतो तो उतरताना, पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्यात खुब्याचे आणि कोपराचे आजार मुळातच जास्त दिसतात. रोजच्या उड्या त्यात भर घालतात.

उपाय म्हणजे रॅम्प, आणि तो पुरेसा लांब हवा. ७५ सें.मी. उंचीला १८० सें.मी. लांबीचा रॅम्प लावला की चढ २५ अंशांच्या आत राहतो. १५० सें.मी.चा घेतला तर तो ३० अंशांवर जातो आणि वयस्क कुत्रा अर्ध्यातून मागे फिरतो. रॅम्प घडी करून गाडीत कुठे राहील तेही बघून ठेवा, नाहीतर कुत्र्याचीच जागा जाते.

मागचं दार बारकाईने तपासा

बोलेरो, थार, जिमनी, गुरखा यांचं मागचं दार बाजूला उघडतं आणि त्यावर स्टेपनी असते. दार जड असतं. वर्षानुवर्षांच्या वापराने बिजागरी ढिली होते आणि दार उघडं धरणारा स्टॉपर झिजतो. सपाट जागी हे कळत नाही. गाडी थोड्या उतारावर उभी करून दार पूर्ण उघडा आणि हात काढा. आपोआप मिटायला लागलं तर ते एक दिवस चढणाऱ्या कुत्र्याच्या पाठीवर आदळेल. दुरुस्ती मोठी नाही, पण सौद्याआधी करून घ्या.

दुसरी तपासणी रबर बीडिंगची, म्हणजे दाराच्या कडेने फट बंद करणाऱ्या रबरी पट्टीची. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर बीडिंग गेलं आहे. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, म्हणून फटीतून सायलेन्सरचा धूर आत खेचला जातो. तुम्ही पुढे बसता, धूर आधी मागे बसलेल्याच्या नाकात जातो. हवा मिळावी म्हणून मागचं दार किंवा काच उघडी ठेवून गाडी चालवू नका, तेही याच कारणासाठी.

हवा आणि हादरे

कुत्रा घामाने थंड होत नाही, धापेने होतो. त्याला थंड हवा पोचावी लागते. २०२० नंतरच्या, पण २०२५ च्या बदलांआधीच्या तीन दारांच्या थारमध्ये मागे एसीचे व्हेंट नाहीत आणि हार्डटॉपच्या मागच्या काचा उघडत नाहीत. जिमनीतही मागे व्हेंट नाहीत, आणि जिप्सी तर एसीशिवायच येत असे. अशा गाडीत मधला अडसर काढून हवा मागे जाऊ द्यावी लागते, म्हणून आम्ही बंद पत्र्याऐवजी जाळीचंच पार्टिशन बसवतो. आधीच्या मालकाकडेही कुत्रा असेल तर केस आणि धुळीने एसीचा कूलिंग कॉइल चोंदलेला सापडतो. पंखा चारवर ठेवून हवेचा जोर हाताने बघा. बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास वाढतं, त्यामुळे कुठलीही गाडी घ्या, "पाचच मिनिटं" म्हणून त्याला आत ठेवू नका.

जिप्सी, बोलेरो आणि २०२० आधीची थार यांना मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग) आहेत. रिकाम्या गाडीत पाटे कडक लागतात आणि मागच्या चाकाच्याही मागे बसलेला कुत्रा सर्वात जास्त उडतो. गाडी लागणारा कुत्रा असेल तर त्याला दुसऱ्या रांगेच्या जागी, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध बसवा. पडलेल्या सीट आणि डिकी यांमधल्या फटीवर १२ मि.मी. प्लायवूड आणि त्यावर रबर मॅट घातली की पाय घसरत नाहीत. हार्नेसचा पट्टा गाडीच्या मूळ हुकाला बांधा, गळ्यातला पट्टा कधीच नाही.

बाकी तपासणी

फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) टाकून बघा, पण मातीवर. कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून वळलं की यंत्रणेवर ताण येतो. डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलं आहे. चारही टायर एकाच मापाचे हवेत. कोकणात वापरलेल्या गाडीची चासी (खालचा लोखंडी सांगाडा) खालून ठोकून बघा, खारी हवा लोखंड खाते. परराज्यातली गाडी असेल तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स किमतीत धरा. आम्ही विकतो त्या गाड्यांचा तपासणीचा कागद मागितल्यावर मिळतो. दुसरीकडे बघितलेली गाडीही फी घेऊन तपासून देतो, आणि ती नंतर आमच्याकडून घ्यावी असा आग्रह नसतो.

कुत्र्यासह बघण्याची वेळ सकाळी ८ ते १०, एका वेळी एकच कुत्रा. त्याचा हार्नेस, ओळखीची चादर आणि पाणी सोबत आणा. निघण्याआधी तासभर खायला देऊ नका, कारण आम्ही चढाच्या कच्च्या रस्त्यावरही फेरी मारून आणतो. तीन मापं आदल्या दिवशी कळवलीत तर जुळणाऱ्या गाड्या रॅम्प लावून तयार ठेवतो.