एक बाण की दोन: > आणि >>

कमांडचं उत्तर पडद्यावर न दाखवता फाइलमध्ये टाकायचं असेल तर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) > चालतं आणि >> सुद्धा चालतं. फाइल नसेल तर दोन्ही ती तयार करतात. पहिल्या दिवशी दोघांचं काम हुबेहूब सारखं दिसतं, म्हणून घोळ दुसऱ्या दिवशी उघडा पडतो.

समजा, सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याकडे हिशेब सांभाळणाऱ्या पोराने दोन छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडच्या फाइल, लिहिल्यात. एक रोज सकाळी त्या दिवसाचा दर ‘भाव’ नावाच्या फाइलमध्ये ठेवते. दुसरी, गाडी भरून काट्यावर आली की वजनाची ओळ ‘काटा’ फाइलमध्ये टाकते. भावाला > हवं: कालचा पुसायचा, आजचा लिहायचा. काट्याला >> हवं: आधीच्या ओळींखाली नवी ओळ. काट्याला चुकून एकच बाण दिला, तर संध्याकाळी फाइलमध्ये फक्त शेवटची गाडी उरते आणि शेठ विचारतात, “बाकीच्या गाड्या कुठे गेल्या रे?”

इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. फाइल पुसली कधी जाते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. फाइल कमांड पुसत नाही, शेल (आपण टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) पुसतो, आणि तेही कमांड सुरू होण्याआधी. म्हणून ओळी क्रमाने लावणारी ‘सॉर्ट’ कमांड घेऊन ‘सॉर्ट काटा > काटा’ असं लिहिलं की क्रम लावलेली यादी मिळत नाही, रिकामी फाइल मिळते. सॉर्ट वाचायला जाते तेव्हा आत काही उरलेलंच नसतं. (सॉर्टचा स्वतःचा ‘-ओ’ पर्याय वापरला तर हे काम त्याच फाइलवर नीट होतं.) भावाचंही तसंच. ऐन सकाळी नेट गेलं, दर आणणारी कमांड फसली, तरी कालचा भाव केव्हाच पुसलेला असतो. यावर साधा उपाय आहे: आधी ‘भाव-नवा’ या फाइलमध्ये लिहायचं, मग && (आधीची कमांड यशस्वी झाली तरच पुढची चालव) देऊन ‘एमव्ही’ या नाव बदलणाऱ्या कमांडने तिचं नाव ‘भाव’ करायचं. कमांड फसली तर नाव बदलतच नाही आणि जुना दर शाबूत राहतो. बॅश या नेहमीच्या शेलमध्ये ‘नोक्लॉबर’ ही सेटिंग चालू केली, तर असलेल्या फाइलवर > लिहूच देत नाही. मुद्दाम लिहायचंच असेल तर >| वापरायचं.

आता >> कडे. याला लोक सुरक्षित समजतात. मला मात्र भीती याचीच जास्त वाटते. रिकामी झालेली फाइल लगेच डोळ्यात भरते. पण स्क्रिप्ट दोनदा चालली आणि तीच गाडी दोनदा नोंदली गेली, तर फाइल छान भरलेली दिसते आणि क्विंटलची बेरीज गुपचूप फुगते. > वाली स्क्रिप्ट कितीदाही चालवा, शेवटी फाइल तीच. >> वालीला ती सोय नाही, म्हणून तिच्या प्रत्येक ओळीत पावती नंबर हवाच. दुबार ओळी नंतर त्यावरून काढता येतात.

एका ठिकाणी मात्र डोळे झाकून >> च. दिवसरात्र चालणाऱ्या प्रोग्रामचा लॉग (त्याच्या कामाच्या नोंदींची फाइल) > ने सुरू केला, की आपण कुठवर लिहिलं ती जागा धरून तो पुढे लिहीत राहतो. मधेच तुम्ही लॉग रिकामा केला, तरी त्याची पुढची ओळ जुन्याच जागी पडते आणि आधीचा भाग शून्य बाइट्सने भरलेला दिसतो. >> ने उघडलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळ त्या क्षणी जिथे शेवट असेल तिथे जाते, त्यामुळे लॉग मधेच बिनधास्त रिकामा करता येतो.

पायथॉनमध्ये हीच जोडी फाइल उघडताना ‘डब्ल्यू’ आणि ‘ए’ या मोडने येते. ‘डब्ल्यू’ने नुसती उघडली, एक अक्षरही लिहिलं नाही, तरी आतलं गेलंच. आलेला मजकूर पडद्यावर दाखवून फाइलमध्येही लिहिणारी ‘टी’ ही कमांड काही न सांगता वापरली तर > सारखी वागते. म्हणून सुडोसोबत (म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने) सिस्टिमच्या फाइलला एखादी ओळ जोडताना तिला ‘-ए’ द्यायला विसरू नका.