कापलेली झाडं

सुट्टीचे दिवस होते. रोमेओ दालेअर बायकोमुलांना घेऊन गाडीने समुद्रकिनाऱ्याकडे निघाले होते. रस्त्याच्या कडेला झाडं तोडून ढीग लावलेले. पानं सुकून तपकिरी झालेली, बुंध्यांची कापलेली टोकं पांढरी. दालेअरांना तिथे झाडं दिसलीच नाहीत. दिसली ती रवांडातल्या रस्त्यांवरची प्रेतं. मग ते तिथला एक प्रसंग बारीकसारीक तपशिलांसह सांगत सुटले, आणि मागच्या सीटवर मुलं निमूट ऐकत राहिली.

दालेअर हे कॅनडाच्या लष्करातले जनरल, संयुक्त राष्ट्रांच्या रवांडातल्या शांतिसेनेचे प्रमुख. जानेवारी १९९४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाला, कळवलं होतं की, इथे कत्तलीची तयारी चालू आहे, शस्त्रं दडवलेल्या जागी आम्ही छापे घालतो. 'घालू नका' असं उत्तर आलं. ६ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं, दुसऱ्या दिवशी दालेअरांच्या हाताखालचे १० बेल्जियन सैनिक मारले गेले. दोन आठवड्यांनी सुरक्षा परिषदेने फौज वाढवायची सोडून २७० माणसांवर आणायचा ठराव केला. पुढच्या सुमारे १०० दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. दालेअर तिथेच होते.

शांतिसैनिकाचं दुखणं इथे वेगळं होतं. लढणाऱ्या सैनिकाला निदान बंदूक चालवायची मुभा असते. याच्या हातातही बंदूक असते, पण ती कधी चालवायची याचे नियम दूर कुठेतरी ठरतात, आणि समोर जे चाललंय ते बघत राहावं लागतं. सोमालियातल्या शांतिमोहिमेवरून परतलेल्या ३,४६१ अमेरिकी सैनिकांची पाहणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे ८ टक्क्यांमध्ये पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतरच्या तणाव-विकाराची लक्षणं आढळली. नुसती भीती असती तर एक वेळ समजलं असतं. पण 'मी काही करू शकलो नाही' ही बोच भीतीपेक्षा वेगळी असते. मानसशास्त्रज्ञ तिला 'नैतिक जखम' म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांवर आजवर दोन लाखांहून अधिक भारतीय सैनिक जाऊन आले आहेत. त्यांच्या या जखमेबद्दल आपण फारसं बोलत नाही.

आता त्या झाडांकडे परत येऊ. साध्या आठवणीला तारीख असते, जागा असते. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग ती चौकट पुरवतो. जीव धोक्यात असताना मात्र अमिग्डाला हा धोक्याची घंटा वाजवणारा भाग इतका जोरात काम करतो की वास, रंग, आवाज खोल कोरले जातात आणि चौकट कच्चीच राहते. मग पांढरं टोक दिसलं की मेंदूला 'तेव्हा असं झालं होतं' असं वाटत नाही, 'आत्ता होतंय' असं वाटतं. व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर त्या आठवणीला भूतकाळच लागत नाही.

लिहिण्याचा उपयोग नेमका इथे होतो. आपल्याकडे म्हणतात, 'लिहून टाक, मन मोकळं होईल'. माझ्या मते या सल्ल्यात अर्धीच गोष्ट आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटं मनावरच्या आघाताबद्दल लिहायला सांगितलं. लिहून उठल्यावर त्यांना हलकं वाटलं नाही, उलट ती मुलं जास्त उदास झाली. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. नंतर मजकुरातले शब्द मोजले, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'लक्षात आलं' असे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला होता. म्हणजे नुसतं ओकून टाकून भागत नाही, पसारा नीट लावावा लागतो.

हा काही रामबाण उपाय नव्हे. २००६ मध्ये अशा १४६ प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. परिणाम खरा निघाला, पण लहान. आणि दुर्घटनेनंतर लगेच माणसाला एका बैठकीत सगळं सांगायला लावणं तर निरुपयोगीच, कधी अपायकारकही ठरलं आहे.

पीटीएसडीसाठी याच कल्पनेतून एक शिस्तशीर उपचार तयार झाला. थेरपिस्टच्या देखरेखीखाली पाच बैठका, दर वेळी साधारण अर्धा तास लेखन, आणि प्रत्येक वेळी तीच घटना. सूचना साधी असते: आता मागे वळून पाहताना जे दिसतं ते लिहा. १२६ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. १२ बैठकांच्या प्रस्थापित उपचारापेक्षा ही पद्धत कमी पडली नाही. उपचार अर्धवट सोडणारे तिकडे जवळपास ४० टक्के होते, इकडे ६ टक्के.

दालेअरांच्या वाट्याला इतका आखीव मार्ग आला नाही. एप्रिल २००० मध्ये आजारपणामुळे त्यांना लष्करातून निवृत्त करण्यात आलं. जूनमध्ये ते कॅनडातल्या हल शहरातल्या एका बागेत बाकाखाली बेशुद्ध सापडले; पोटात दारू आणि मनोविकाराची औषधं एकत्र गेली होती. बातमी देशभर झाली. काही दिवसांनी त्यांनी कॅनडाच्या सार्वजनिक रेडिओला पत्र पाठवलं, ते प्रसारित झालं. त्यात राग होता, वेदना होती, आणि घरच्यांपासूनही तोडणारा थंडगार एकटेपणा होता. औषधोपचार आणि थेरपी चालूच होती. २००३ मध्ये रवांडावरचं त्यांचं जाडजूड पुस्तक आलं, त्याला कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. त्यात तारखा आहेत, निरोप आहेत, कोण कुठे होतं आणि कोणी काय नाकारलं याचा जमाखर्च आहे.

पुस्तकाने ते बरे झाले नाहीत. २०१६ मध्ये त्यांनी आणखी एक पुस्तक लिहिलं. पहिल्यात रवांडातले दिवस आहेत, दुसऱ्यात घरी परतल्यानंतरच्या रात्री.