तांबं घाव का सोसतं?

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीची ओळख म्हणजे ठोके. सपाट पत्रा ठोकून ठोकून घंगाळ घडतं, बंब घडतो. हातोडीचे हजारो घाव बसतात, पत्रा वाकतो, पसरतो, पण फुटत नाही. तीच हातोडी मिठाच्या खड्यावर मारा, भुगा होईल. आता मीठ स्फटिक आणि तांबंही स्फटिकच. दोन्हींत कण अगदी ओळीनं मांडलेले. मग एक घाव सोसतं आणि दुसरं का सोसत नाही?

तांब्याचा अणुअंक 29, म्हणजे अणूत 29 इलेक्ट्रॉन. कवचं भरत गेलं की 2, 8, 18 आणि शेवटी उरतो 1. सारी गंमत या एकट्या इलेक्ट्रॉनची आहे. शाळेत आपण इलेक्ट्रॉन सूर्याभोवतीच्या ग्रहांसारखे फिरताना काढले. ते चित्र आता पुसलेलं बरं. ऑर्बिटल म्हणजे इलेक्ट्रॉनची वाट नव्हे, तो सापडण्याची शक्यता जिथे जास्त तो प्रदेश. तांब्याचं बाहेरचं, चौथ्या कवचातलं 4एस ऑर्बिटल गोल आणि ऐसपैस. नेहमीच्या हिशेबानं त्यात दोन आणि आतल्या, तिसऱ्या कवचातल्या 3डी ऑर्बिटलांमध्ये नऊ इलेक्ट्रॉन हवेत. पण तांब्यात 3डी पूर्ण दहांनी भरतं आणि 4एसमध्ये एकच राहतो.

घन तांब्यात प्रत्येक अणूला 12 सख्खे शेजारी असतात. इलेक्ट्रॉन एक आणि शेजारी बारा, म्हणजे प्रत्येकाशी वेगळी जोडी जमवणं अशक्यच. मग ही 4एस ऑर्बिटलं एकमेकांत मिसळतात आणि ते इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे न राहता सगळ्या तुकड्याचे होतात. एका घन सेंटिमीटर तांब्यात असे सुमारे 85 वर 21 शून्यं इतके इलेक्ट्रॉन! जे. जे. थॉमसन यांनी 1897 साली इलेक्ट्रॉन शोधला आणि तीनच वर्षांत पॉल ड्रूड यांनी धातूत इलेक्ट्रॉनांचा वायू भरलेला असतो असं मांडलं. त्यातून विजेचं वहन समजलं, उष्णतेचा हिशेब मात्र चुकला. तो पुढे पुंजभौतिकीनं सुधारला.

मिठात सोडियमचा धन आयन आणि क्लोरीनचा ऋण आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, आलटून पालटून बसलेले. घाव बसून एक ओळ एक घर पुढे सरकली की धनासमोर धन, ऋणासमोर ऋण. ते एकमेकांना ढकलतात आणि खडा दुभंगतो. तांब्यात ओळ सरकली तरी नवा शेजारी जुन्यासारखाच, आणि भोवती तेच सामाईक इलेक्ट्रॉन. बंध तुटल्याची दखलही कोणी घेत नाही.

तांब्याचा लालसर रंगही याच मांडणीचा. निळा-हिरवा प्रकाश शोषून 3डीतले इलेक्ट्रॉन वरच्या रिकाम्या पातळ्यांत उडी मारतात. परत फिरतो तो तांबडा-पिवळा. चांदीत ही उडी मोठी, तिला अतिनील किरण लागतात, म्हणून चांदी पांढरी दिसते.

एक गोष्ट वर मी जरा सोपी करून सांगितली. अणूंची अख्खी ओळ एकदम सरकत नाही. जड सतरंजी सरकवताना एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत न्यावी, तसं स्फटिकातलं वैगुण्य, म्हणजे ओळींच्या मांडणीतला दोष, सरकत जातं. ठोकताना अशी वैगुण्यं वाढत जातात, एकमेकांत गुंततात, आणि सरकायला वाट उरत नाही. पत्रा कडक होतो. तसाच ठोकत राहिलं तर तडा जाईल. म्हणून कारागीर तो भट्टीत लाल तापवतो. उष्णतेनं अणू नव्यानं सुबक रचले जातात, गुंता सुटतो, पत्रा पुन्हा मऊ. मग खुशाल पाण्यात बुडवा. पोलादासारखं तांबं त्यानं कडक होत नाही.

शेवटचा हात मठारकामाचा. चकाकत्या हातोडीनं शेजारी शेजारी उमटवलेले ते गोल ठसे आपण नक्षी म्हणून बघतो. पण त्यानंतर भांडं भट्टीत जात नाही. आता गुंता हवाच असतो, कारण त्याच्याच जोरावर पाण्यानं भरलेलं घंगाळ आकार धरून राहतं.