धुण्याचं पाणी ओतण्याआधी

‘तुमची पावडर पाण्यात आपोआप कुजते म्हणता, मग व्हाळावर (ओढ्यावर) कपडे धुतले तर चालेल ना?’ डिचोलीच्या बाजारात एका ताईंनी आम्हाला विचारलं. नाही, चालणार नाही. कारण सांगायला हे पत्रक काढलं आहे.

पावडरीत मळ सोडवते ती अ‍ॅसिड स्लरी. काकवीसारखी दाट, तपकिरी. धुण्याच्या सोड्यात ओतली की फसफसते आणि तिचं धुण्याचं रसायन बनतं. त्याच्या रेणूला बहुधा 10 ते 13 कार्बनची सरळ शेपटी असते. पाण्यातले जिवाणू टोकापासून दोन-दोन कार्बन तोडत ती खातात, मग शेपटी जोडलेलं बेंझीनचं कडं (कार्बनचं वर्तुळ) फोडतात. शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि सल्फेट उरतं. जुन्या डिटर्जंटची शेपटी फांद्या फुटलेली होती, ती जिवाणूंना तोडवेना. म्हणून 1950च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे ढीग साचत. 1960च्या दशकात तिथे सरळ शेपटी आली.

पण या जेवणाला वेळ लागतो आणि प्राणवायूही. ‘सहज विघटनशील’ ठरवणारी एक चाचणीच 28 दिवसांची असते आणि तिच्यात 60 टक्के विघटन झालं तरी माल पास होतो. व्हाळातल्या माशाला एवढी सवड कुठली? ताजं साबणपाणी त्याच्या कल्ल्यांना लगेच इजा करतं. एप्रिल-मेमध्ये व्हाळ आटून नुसती डबकी उरतात, तेव्हा तर फारच.

सेप्टिक टँकमध्येही हे पाणी सोडू नका. आत प्राणवायू नसतो, त्यामुळे हे रसायन जवळजवळ तसंच सोकपिटात (शोषखड्ड्यात) उतरतं. आपली जमीन चिऱ्याची (जांभ्या दगडाची), सच्छिद्र. शेजारी विहीर असेल तर काय होईल ते सांगायला नको.

आपल्याकडे न्हाणीचं पाणी माडाच्या मुळात सोडायची रीत आहे, ती आम्हाला सर्वांत पटते. वरच्या मातीत हवा असते, जिवाणू भरपूर असतात, शिवाय गोव्यातली ऊब त्यांना मानवते. फक्त विहिरीपासून लांब सोडा, आणि रोज एकाच झाडाला नको. पावडरीतला सोडियम साठून माती घट्ट होते.

फॉस्फेट आम्ही घालत नाही. ते कुजत नाहीच, उलट तळ्यातलं शेवाळ पोसतं.

आणि पावडर कमी वापरा, आमचा खप घटला तरी चालेल. चिऱ्याच्या विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ (कमी क्षारांचं) असतं, त्यात थोड्या पावडरीनेही फेस होतो. चवथीच्या आधी पडदे-चादरींचा ढीग निघतो, तेव्हा पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या निम्मी घालून बघा. मळ निघाला नाही तरच वाढवा.