फवारणीआधी एकदा पान उलटून बघा

पावसाळा सरत आला की आमच्या रोपवाटिकेत रोज कुणी ना कुणी डबीत किडा घालून आणतं. "हा कशानं मरेल?" हाच पहिला प्रश्न. पुष्कळदा तो किडा मारायचाच नसतो.

सगळ्यांत जास्त हकनाक मरते ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची अळी. लाल-केशरी, काळ्या खुणांचा गोल ढालकिडा सगळे ओळखतात, पण त्याची अळी त्याच्यासारखी मुळीच दिसत नाही. करडी-काळी, लांबोडकी, पाठीवर पिवळट-केशरी ठिपके. मगरीचं इवलंसं पिल्लूच. मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) पडलेल्या शेंड्यावर ती फिरताना दिसली तर पंप खाली ठेवा. भिंग धरलंत तर एकेक मावा पकडून खातानाही दिसेल. आम्हीही सुरुवातीला गुलाबांवर सरसकट औषध मारायचो. मावा थोड्याच दिवसांत परत यायचा, ढालकिडे मात्र यायचे नाहीत. तेव्हापासून आधी बघतो, मग ठरवतो.

जास्वंदीवर दुसरी गल्लत होते. पिठ्या ढेकूण (मिलीबग) पिठात लोळल्यासारखा पांढरा असतो आणि बेचक्यात चिकटून बसतो. त्याच घोळक्यात एखादा मोठा, मेणाचे लांब पांढरे झुबके अंगावर असलेला किडा दिसला तर काडीनं हलकेच डिवचा. भराभर चालू लागला तर ती बहुधा क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी, म्हणजे पिठ्या ढेकणांचा काळच. हा भुंगेरा ऑस्ट्रेलियातून १८९८ साली भारतात आणला गेला. आपल्याकडचे द्राक्ष बागायतदार तो मुद्दाम बागेत सोडतात.

पण प्रत्येक ठिपकेवाला मित्र नसतो. वांग्यावरचा ढालकिडा फिकट तांबूस, चमक नसलेला, अंगावर बारीक लव आणि बहुधा २८ ठिपके असलेला असतो. त्याची अळी पिवळी, काटेरी. दोघंही पानाचा हिरवा भाग खरवडून नुसती जाळी ठेवतात. अंडी मात्र दोन्ही ढालकिड्यांची पिवळी, पुंजक्यानं उभी असतात, म्हणून अंड्यांवरून ठरवू नका. आसपास मावा आहे का, की पानाची जाळी झालीय, ते बघा. जाळी असेल तर किडे, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

केसासारख्या देठावर उभं असलेलं पांढुरकं अंडं बुरशी नव्हे. ते क्रायसोपाचं, म्हणजे जाळीदार पंखांच्या नाजूक हिरव्या किड्याचं, त्याची अळीही मावा खाते. गुलाबाच्या पानाचे कात्रीनं कापल्यासारखे गोल तुकडे नेणारी माशी घरट्यासाठी नेते, झाडाला काही होत नाही.

कढीपत्त्यावर, लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची असते. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉर्मनच्या अळ्याही लिंबावर वाढतात. ती पानं खाते, हे खरं. रोप लहान असेल तर तिला उचलून लिंबाच्या मोठ्या झाडावर ठेवा.

शेंड्याकडे मुंग्यांची रांग दिसली तर तिच्या मागे जा. मावा आणि पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतात, त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. मावा पाण्याच्या जोरदार धारेनं धुऊन काढा, पिठ्या ढेकूण साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसा. निंबोळी तेल लागलंच तर संध्याकाळी आणि फक्त लागण झालेल्या फांदीवर मारा.

तरी ओळख पटत नसेल तर किडा एकटा आणू नका. पानासकट, झाकणाला भोकं पाडलेल्या डबीतून आणा किंवा पानाच्या खालच्या बाजूचा फोटो काढून आणा. ओळखून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही.