वृक्षशल्यकर्म : साधने आणि सुरक्षितता

उभ्या झाडाच्या फांद्या छाटणे, वाळका वा कुजका भाग काढणे, धोकादायक झाड तुकड्यातुकड्यांनी खाली उतरवणे या कामांना मिळून वृक्षशल्यकर्म म्हणतात. उंचीवर काम करणारे इतरही असतात. पण येथे जीव ज्या दोरावर टांगलेला असतो त्याच्यापासून हातभर अंतरावर तो दोर क्षणात तोडणारे यंत्र चालू असते आणि दोर ज्याला बांधला आहे तेच झाड कापले जात असते. या व्यवसायातील बहुतेक नियम याच विचित्र अवस्थेतून आलेले आहेत.

म्हणून पहिली तपासणी साधनांची नव्हे, झाडाची. बुंध्याभोवतीची माती उचलली गेली आहे का, खोडाला ढोली वा उभी चीर आहे का, दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात साल आत दबली आहे का, मधमाश्यांचे पोळे आहे का, हे जमिनीवरूनच पाहतात. लाकडी हातोडीने खोड ठोकले की पोकळ भाग वेगळा वाजतो. बुंध्याशी आलेल्या अळंब्या गांभीर्याने घ्याव्यात. क्रेट्झशमारिया ड्यूस्टा ही बुरशी मुळे व बुंधा आतून ठिसूळ करते, तरी वर पालवी भरगच्च दिसू शकते. हिरवेपणा हा मजबुतीचा पुरावा नव्हे. झाडाचा भरवसा वाटत नसेल तर चढू नये, बकेट असलेली गाडी किंवा क्रेन आणावी. जवळून वीजतारा जात असतील तर वीजपुरवठा करणाऱ्या यंत्रणेकडून प्रवाह बंद करून घेतल्याखेरीज काम सुरू करू नये. तारेला हात लागण्याचीही गरज नसते. ओली फांदी वीज वाहून आणते.

चढण्यासाठी साधारण 11 ते 13 मिमी व्यासाचा, कमी ताणणारा दोर वापरतात. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक याने 1931 मध्ये मांडलेली, भार पडला की आवळणारी आणि भार काढला की सरकणारी गाठ या कामाचा पाया ठरली. पुढे तिचे अनेक प्रकार निघाले, यांत्रिक साधनेही आली. झाडावर चेनसॉ (फिरत्या दातेरी साखळीची यंत्रकरवत) चालवताना मुख्य दोराखेरीज दुसरा स्वतंत्र आधार हवाच. हा दुसरा आधार बहुधा खोडाभोवती घेतलेल्या आखूड पट्ट्याचा असतो आणि त्यात पोलादी तारेचा गाभा असतो. या गाभ्याने कापले जायला वेळ लागतो, एवढेच. तो करवतीला अभेद्य नसतो. बुटांना बांधायचे काटे फक्त तोडायच्या झाडावर वापरावेत, कारण प्रत्येक पावलाला ते सालीखालच्या जिवंत थराला जखम करतात.

वरून पकडायची छोटी चेनसॉ झाडावरच्या कामासाठी बनवलेली आहे. ती हलकी असते आणि एका हाताने चालवण्याचा मोह तिथेच होतो. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की करवत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. ही उसळी माणसाच्या प्रतिक्रियेपेक्षा वेगवान असते, म्हणून दोन हातांची पकड आणि चालू स्थितीतला चेन-ब्रेक (साखळी क्षणात थांबवणारी कळ) हीच खरी राखण. बोथट साखळी कापण्याऐवजी भुसा उडवते आणि माणूस जोर लावू लागतो. बॅटरीची करवत आणखी फसवी: ती शांत असली तरी बोट दाबताच फिरते.

संरक्षक विजारीत लांब तंतूंचे थर असतात. साखळी लागली की तंतू ओढले जाऊन तिला फिरवणाऱ्या चाकात अडकतात आणि ती थांबते. ‘टाइप ए’ विजार पायाची मुख्यतः पुढची बाजू राखते, ‘टाइप सी’ चहूबाजूंनी. झाडावर पाय कुठल्या कोनात असेल याचा नेम नसल्याने चढणाऱ्याला ‘टाइप सी’च योग्य. हेल्मेटमध्येही असाच फरक आहे. कारखान्यातील हेल्मेटचा हनुवटीपट्टा ओढ बसल्यावर सुटावा अशी युरोपीय मानक ईएन 397 ची अपेक्षा असते. गिर्यारोहणाच्या ईएन 12492 मध्ये तो टिकावा लागतो. पडताना हेल्मेट डोक्यावर राहणे हेच चढणाऱ्याला हवे असते. चष्मा आणि कानांचे संरक्षण सर्वांनाच लागते.

फांदी तीन कापांत काढतात: खोडापासून थोडे दूर खालून अर्धवट काप, त्याच्या किंचित बाहेर वरून दुसरा, आणि भार उतरल्यावर फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कॉलरच्या बाहेर शेवटचा. अमेरिकी संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी 1977 मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार झाड जखम भरून काढत नाही, ती भिंती घालून अलग करते. कॉलर कापली तर ही भिंतच जाते. खोडाला घासून केलेला काप त्यामुळे टाळतात, आणि जखमेवर डांबर-रंग फासण्याची जुनी सवयही मागे पडली.

दोराने उतरवायच्या तुकड्याच्या वजनाचा अंदाज चुकणे फार महागात पडते. 30 सेमी जाडीचा, 2 मीटर लांबीचा ओला ओंडका जड लाकडाचा असेल तर 130–140 किलो भरतो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट. तो दोरावर मोकळा पडून झटक्याने थांबला, तर कप्पीवर येणारा भार याच्या कित्येक पट असतो. म्हणून खालचा सहकारी दोर सोडत सोडत त्याला थोपवतो.

खाली पडझडीचे क्षेत्र आखून ते मोकळे ठेवतात आणि चढणाऱ्याने होकार दिल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकत नाही. चिपरमध्ये (फांद्यांचा चुरा करणाऱ्या यंत्रात) फांदी जाड टोकाकडून, बाजूला उभे राहून सोडावी. सैल कफांचे हातमोजे घालू नयेत. चढणाऱ्याच्या दोराचे लोंबते टोक जर चिपरमध्ये गेले, तर तो माणूस झाडावरून खेचला जातो. ते टोक यंत्रापासून दूर पिशवीत ठेवावे.

एकट्याने कधीच चढू नये. हार्नेसमध्ये (दोराला जोडलेल्या, कमरेला व मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांत) निश्चल लटकलेल्या बेशुद्ध माणसाच्या पायांत रक्त साचत जाते आणि अवधी थोडा उरतो. रक्तस्राव थांबवणारी पट्टी चढणाऱ्याच्या अंगावरच असावी, आणि जमिनीवरच्या एकाला तरी झाडावरून माणूस उतरवण्याचा सराव असावा. काही पथके सकाळीच बचावकर्त्यासाठी दुसरा दोर झाडात टाकून ठेवतात. बहुतेक दिवशी तो न वापरताच संध्याकाळी गुंडाळला जातो.